अक्कांच्या मागून चालताना

जो कोणी हे वाचेल त्याने आधीच माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व कुठे द्यायचा आणि दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि नंतर कोणी सांगायला आलं नाही. अक्षराचं तर विचारू नका. किराणा दुकानात सामानाची चिठ्ठी दिली की दुकानदार ती उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "ताई, तुम्हीच वाचून दाखवा." चार लोकांत मोठ्याने वाचायची मला लाज वाटते, म्हणून चिठ्ठी देणं मी बंदच केलं. आता बोट दाखवून सामान घेते. त्यामुळे आमच्या घरात दुकानाच्या पुढच्या फळीवर जे असतं तेवढंच येतं.

हे मी कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. या उन्हाळ्यात जे झालं ते आठवलं की भांडी घासताना मला एकटीलाच हसू येतं. हे विचारतात, काय झालं. सांगायला गेलं की मला शब्द सापडत नाहीत आणि तोवर ह्यांचं जेवण होऊन जातं. कागद बरा, तो थांबतो.

मी जळगावला राहते. माहेर धुळ्याच्या पुढे, एका लहान गावात. ह्यांचं काम डाळ मिलमध्ये आहे. मी घरून मांडे करून देते. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायचा. हे काम करताना बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. ऑर्डर ह्यांच्या फोनवर येते, मांडे डब्यातून जातात, पैसे घरी येतात. गिऱ्हाइकाने माझं तोंड बघितलेलं नाही आणि मी त्याचं.

असं करत मी बारा हजार रुपये जमवले होते. मला घरघंटी घ्यायची होती. मांड्याचं पीठ फार बारीक लागतं, आणि आमचा चक्कीवाला आधी कोणाची तरी ज्वारी दळतो आणि मागोमाग त्यातच माझा गहू ओततो. त्याला "आधी चक्की साफ करा" असं सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. घरघंटी असली की कोणाला काही सांगायलाच नको.

तेवढ्यात गेल्या पावसाळ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे आमच्याच गल्लीत कोपऱ्यावर राहतात त्या. माझ्यापेक्षा मोठ्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांचे मालक शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतात. त्या रिक्षाचं इंजिन बसलं होतं आणि शाळा तर सुरू झालेल्या.

अक्कांचं माहेर माझ्या माहेरापासून दोन गावं सोडून आहे. जळगावात कोणी मला "कशी शे व माय?" असं आमच्या अहिराणीत विचारलं की माझं सगळं अंग मऊ पडतं. त्यांनी दारात उभं राहून तेच विचारलं. मी पैसे काढून दिले. वर चहा केला, आणि चहाबरोबर मांडाही दिला.

"दोन महिन्यांत आणून देते," अक्का म्हणाल्या.

"सावकाश द्या," मी म्हणाले. हे कोणी मला म्हणायला सांगितलं नव्हतं.

दोन महिने गेले. दसरा गेला, दिवाळी गेली. रिक्षा रोज सकाळी फटफट करत माझ्या दारावरून जायची आणि मी तिचा आवाज ऐकत बसायची. इंजिन चांगलं झालं होतं. त्यात माझी घरघंटी फिरत होती.

एक दिवस मी मनाचा हिय्या केला. वाक्य पाठ केलं. "अक्का, ते पैशांचं जरा बघा." गॅसपुढे उभी राहून मी ते कुकरला म्हणून दाखवलं. अक्कांच्या फाटकापर्यंत मला ते नीट येत होतं. अक्कांनी दार उघडलं, "ये ना माय" म्हणाल्या, आणि वाक्य गेलं. मी हसले. त्याही हसल्या. मग मी त्यांना विचारलं की तुमच्याकडे मोठी चाळण आहे का, कारण काहीतरी बोलणं भाग होतं. त्या म्हणाल्या, "नाही, आमची फाटली, मीच तुझ्याकडे मागणार होते." मी घरी आले, माझी चाळण घेतली आणि त्यांना नेऊन दिली.

हे सगळं ह्यांना माहीत होतं. ह्यांचा आवाज मोठा आहे. मिलमध्ये दिवसभर मशीन चालतं, त्यात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि घरी आल्यावर तो आवाज कमी करायचा राहून जातो. हे "मीठ कमी आहे" म्हणाले की तीन घरं सोडून एक बाई आपली भाजी चाखून बघते.

"पैसे मागायला गेली होतीस ना?" हे म्हणाले.

"हळू बोला."

"मग चाळण कुठाय?"

"दिली."

"पुढच्या खेपेला खापर देऊन ये."

त्यानंतर मला त्रास सुरू झाला. सकाळी उठले की जबडा दुखायचा आणि मान वळायची नाही. मांडा हातावर घेतला की फाटायचा. रिक्षा दारावरून गेली की छातीत धडधड व्हायची. हे म्हणाले की तू झोपेत दात खातेस. "मिलमध्ये तूर भरडतात ना, अगदी तोच आवाज. मला वाटतं शिफ्ट सुरू झाली, मी उठून बसतो." झोप मोडायला लागली तेव्हा हे मला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "कसलं टेन्शन आहे?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. तेव्हा हे म्हणाले, "हिचे पैसे अडकलेत." बाहेर बाकावर बसलेल्या कोणीतरी विचारलं, "किती?" हे तिकडे मान वळवून सांगायलाच निघाले होते. मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

डॉक्टर म्हणाले, "गोळी देत नाही. रोज अर्धा तास चाला. घाम येईल असं चाला, हात हलवत चाला. मनातलं टेन्शन अंगात साठतं. ते हातापायांतून बाहेर काढायचं."

रस्त्यात हे म्हणाले, "पैसे घेऊन चालायला सांगितलं. मी तर फुकट सांगितलं असतं."

आमच्या कॉलनीत एक ओपन स्पेस आहे. प्लॉट पाडले तेव्हा सोडलेली मोकळी जागा, मध्ये मारुतीचं लहान मंदिर, कडेने चालायला गोल रस्ता आणि एका बाजूला व्यायामाची पिवळी-निळी लोखंडी मशीनं. तिथे संध्याकाळी बायका जातात हे मला माहीत होतं, म्हणूनच मी कधी गेले नव्हते. आता जाणं भाग होतं. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, तिचे जुने बूट घरात होते. ते मला मोठे होत होते, म्हणून पुढे कागदाचे बोळे घातले. साडीवर बूट घालून आरशात बघितलं आणि ठरवलं, दिवे लागल्याशिवाय जायचं नाही. अंधारात बूट दिसत नाहीत.

पहिल्या दिवशी मी मशीनवर चढले. दोन पाटे असतात, त्यावर एकेक पाय ठेवायचा आणि झोपाळ्यासारखं पुढेमागे करायचं. चढताना सोपं गेलं. पाय असे झुलायला लागले की थांबवायचं कसं ते कळेना. एक पाय काढायला जावं तर दुसरा पुढे पळायचा. शेजारच्या बाईला विचारायची लाज वाटली. तिला वाटलं मला आवडलंय, म्हणून ती वाट बघून निघून गेली. मग दुसरी आली, तीही गेली. मी झुलत राहिले. शेवटी नाना आले.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. गळ्यात शिट्टी घालून ओपन स्पेसमध्ये सगळ्यांकडून व्यायाम करून घेतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही. त्यांनी मशीनची दांडी धरली आणि म्हणाले, "पहिल्याच दिवशी एवढा दम? चांगलं आहे. पण उद्यासाठी ठेवा थोडा."

मी मान हलवली आणि खाली उतरले. पाय जमिनीवर होते तरी पुढेमागे होत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी फक्त चालायचं ठरवलं. चालायला काही बंद पाडावं लागत नाही. गोल रस्त्यावर आले, पहिलं वळण घेतलं आणि बघते तर समोर अक्का. त्यांना डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेसाठी चालायला सांगितलं होतं.

मी मागे होते, त्या पुढे. आता पुढे गेले तर तोंडावर तोंड येणार. तोंडावर तोंड आलं की बोलावं लागणार, आणि बोलायचं तर पैशांचंच होतं. म्हणून मी पाय हळू केले. पण रस्ता गोल आहे. मी हळू झाले तर अक्का फिरून माझ्या मागून येणार. म्हणजे मागून येऊन त्याच मला गाठणार. तेव्हा फार हळू चालून उपयोग नव्हता आणि फार जोरात चालूनही नव्हता. त्यांच्याच चालीने चालणं हा एक मार्ग होता.

अक्कांनी मागे वळून बघितलं. मी दिसले. त्यांनी पाय उचलला. त्यांनी उचलला म्हणून मलाही उचलावा लागला, नाहीतर त्या मागून आल्याच असत्या. त्यांनी पुन्हा बघितलं आणि पदर खोचला. मी पण खोचला.

असं रोज सुरू झालं. अक्का पुढे, मी मागे. बोलणं नाही. नाना मंदिराच्या ओट्यावरून शिट्टी वाजवायचे आणि बाकीच्या बायकांना सांगायचे, "ह्या दोघींकडे बघा. ह्याला चालणं म्हणतात. तुम्ही चालता का भाजी निवडता?" बायकांना वाटलं आमची काहीतरी पैज लागली आहे. एकजण मला म्हणाली, "वहिनी, आज गाठा त्यांना." मी म्हणाले, "नको." ती म्हणाली, "किती साध्या आहात."

पण डॉक्टरांचं खरं निघालं. महिनाभरात जबडा दुखायचा थांबला. मान वळायला लागली. घरी आले की अंगाला घाम, पायात गोड ठणका, आणि डोक्यात काही नाही. आंघोळ करून पडले की सकाळच व्हायची. एका सकाळी हे म्हणाले, "मशीन बंद पडलं वाटतं." मला कळलं नाही. मग म्हणाले, "तुझे दात." त्या दिवशी मांडे असे झाले की खापर खालून दिसावं.

गंमत अशी झाली की मला इतकं बरं वाटायला लागलं की पैसे मागायची घाईच राहिली नाही. रिक्षा दारावरून गेली तरी मी शांत. बारा हजार अक्कांकडे होते आणि सुख माझ्याकडे होतं. चालायची वेळ झाली की मी आनंदाने बूट घालायची. मध्येच आठवायचं की आपण जिच्यामागे चालतोय ती आपले पैसे घेऊन चालली आहे, पण तोवर दोन फेऱ्या झालेल्या असायच्या.

याच दिवसांत अक्का दोनदा दुपारी माझ्या घरी आल्या. मी खिडकीतून त्यांना येताना बघितलं. मला वाटलं, आणखी मुदत मागायला येत असतील. मुदत मागितली असती तर मी दिली असती. आणखी पैसे मागितले असते तर तेही दिले असते, हे मला माझं माहीत होतं. तेव्हा न भेटणंच बरं. पहिल्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. त्या बाहेरून हाका मारत राहिल्या, मी बादली भरत राहिले. बादली भरली, टब भरला, मग तांब्या भरला. तांब्यानंतर भरायला काही राहिलं नाही तेव्हा त्या गेल्या. दुसऱ्या वेळी मी चटईवर पडून झोपल्याचं सोंग केलं. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी डोकावून बघितलं, "झोपली बिचारी" म्हणाल्या, आणि पंखा एकने वाढवून गेल्या.

मार्च संपला. ऊन असं पडायला लागलं की दुपारी गल्लीत कुत्रं दिसायचं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर आंब्याचा रस आणि मांडे लागतात. ह्यांच्या फोनवर ऑर्डरी यायला लागल्या. एका रात्री जेवताना हे म्हणाले, "यंदा पण त्याच चक्कीवर दळणार?"

"बघू."

"बघू नाही. आखाजीच्या आत पैसे आले पाहिजेत. तुला मागता येत नसेल तर मी मागतो. फाटकात उभं राहून एकदा सांगतो, संपलं."

"तुम्ही नका मागू."

"का?"

 ह्यांनी फाटकात उभं राहून सांगितलं असतं तर ते अक्कांना कळलंच असतं, पण गल्लीलाही कळलं असतं, आणि वाऱ्याची दिशा बरी असती तर शाळेतल्या मुलांनाही. रिक्षेतली पोरं अक्कांच्या मालकांना दुसऱ्या दिवशी विचारत बसली असती, काका, कोणाचे बारा हजार. पैसे एक वेळ गेले तरी चालतील, पण अक्कांचं तोंड असं खाली व्हायला नको होतं. त्यांनी मला दारात येऊन "कशी शे" विचारलं होतं.

त्या रात्री माझे दात पुन्हा सुरू झाले. मी चालणं वाढवलं. अक्कांनीही वाढवलं, कारण मी वाढवलं. नाना फार खूश होते.

आणि मग तो दिवस आला. मिलमधली मोटर जळाली आणि हे दुपारीच घरी आले. चहा घेतला, पेपर वाचला, पंख्याखाली बसून कंटाळले. सहाच्या पुढे म्हणाले, "चल, आज मी पण येतो चालायला. बघू काय करता तिथे."

"दिवे लागू द्या."

"दिवे कशाला? मला दिसतं."

मला बूट घालावेच लागले. उजेडात बूट फारच दिसत होते. हे पायात चपला घालून माझ्या शेजारून चालायला लागले. ऊन अजून मारुतीच्या कळसावर होतं. ओपन स्पेसमध्ये नाना होते, चार बायका होत्या, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला अक्का चालत होत्या. आज त्या लवकर आल्या होत्या.

"त्या बघ अक्का," हे म्हणाले.

ह्यांच्या हिशेबाने ते हळूच म्हटलं होतं. मारुतीच्या ओट्यावरची कबुतरं उडाली. अक्कांनी मान वळवली. आम्हा दोघांना बघितलं आणि त्या भराभर चालायला लागल्या.

"आता बोलूनच टाकतो," असं म्हणून ह्यांनी पाय उचलला.

मला काय झालं सांगता येत नाही. मी आजवर कधी ह्यांच्या पुढे चाललेले नाही, लग्नातसुद्धा नाही. पण त्या वेळी मी पळाले. अक्कांपर्यंत ह्यांच्या आधी पोचायचं, त्यांना सांगायचं की घरी जा, एवढंच मनात होतं. बुटातले बोळे निघाले, एक बूट फटफट वाजायला लागला. अक्कांनी मागे बघितलं. आजवर मी मागे चालत होते, आज पळत येत होते, आणि माझ्या मागे हे.

अक्काही पळाल्या.

नानांनी शिट्टी तोंडात घातली आणि काढलीच नाही. बायका बाजूला झाल्या. ती पैजवाली बाई म्हणत होती, "आज गाठतात, आज गाठतात." हे अर्ध्या फेरीत पोट धरून बाकावर बसले. मिलमध्ये पळायचं काम नसतं. आम्ही दोघी पूर्ण फेरी मारून पुन्हा ह्यांच्या समोरून गेलो, तेव्हा हे मान वर करून नुसते बघत होते. तोंडातून आवाज निघत नव्हता. ह्यांची इतकी शांतता मी घरातही कधी ऐकली नाही.

दुसऱ्या फेरीत मशीनपाशी अक्कांनी एका दांडीला मिठी मारली आणि थांबल्या. मीही दुसऱ्या बाजूने तीच दांडी धरली. दोघींनाही धाप लागली होती. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "मना मांगे का पयी ऱ्हायनी व माय?"

माझ्यामागे का पळतेस, असं त्या विचारत होत्या. मी मान हलवली. हाताने मागे बाकाकडे दाखवलं.

"पैसा शेतस ना मनाजोडे," त्या म्हणाल्या. पैसे आहेत ना माझ्याजवळ. आणि त्यांनी पोलक्यात हात घालून प्लास्टिकची लहान पिशवी काढली.



"महिना झाला, रोज घेऊन येते," अक्का म्हणाल्या. "पाचशे कमी आहेत, म्हणून आधी लाज वाटत होती. मग म्हटलं असू दे, आहेत तेवढे देऊन टाकू. दुपारी दोनदा तुझ्या घरी आले. एकदा तू कितीतरी वेळ अंघोळच करत होतीस. एकदा झोपली होतीस."

"मग इथे का नाही दिले?"

"इथे कसे देणार? तू येतेस दिवे लागल्यावर. दिवे लागल्यावर लक्ष्मी कोणी हातातून बाहेर देतं का? माझी सासू वरून बघत असेल. मी रोज लवकर येऊन तुझी वाट बघते, आणि तू बरोबर दिवे लागले की येतेस. आणि आलीस की अशी मागे लागतेस की वाटतं आज सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार."

मी बुटांमुळे अंधारात येत होते आणि अक्का दिव्यांमुळे पैसे परत घरी नेत होत्या. हे मला तिथे दांडी धरून उभी असताना कळलं, आणि मला हसू आलं. अक्कांना आधी राग आला, मग त्याही हसायला लागल्या. दम नव्हता म्हणून आवाज निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"मग आता द्या," मी म्हणाले. मी हे म्हणाले याचं मला अजून नवल वाटतं. पण पळून आल्यावर लाजायला अंगात जोर राहत नाही.

अक्का पिशवी सोडायला लागल्या आणि थांबल्या. वर बघितलं. रस्त्याच्या कडेच्या खांबावरचा दिवा लागलेला होता.

"लागला," त्या म्हणाल्या, आणि पिशवी पुन्हा पोलक्यात जायला लागली.

तोवर नाना आले होते, मागून बायका आल्या होत्या, आणि हेही पोट धरून हळूहळू येत होते. अक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दिवा लागला, आता उद्या. पैजवाली बाई म्हणाली, बरोबर आहे. दुसरी म्हणाली, तो खांबावरचा, घरातला दिवा नाही, चालतो. तिसरी म्हणाली, उद्या शुक्रवार, शुक्रवारी तर मुळीच नाही, परवा द्या.  ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण अजून श्वास पुरत नव्हता.

नानांनी शिट्टी वाजवली.

"मी आयुष्यभर वीज तयार केली," नाना म्हणाले. "दिव्यातलं मला विचारा. हा दिवा परवापासून बंदच झालेला नाही. सकाळी दहाला बघा, चालू असतो. ह्याचं बटण खराब आहे. ह्याच्यावरून दिवेलागण धरायची तर आपण परवापासून कोणाला एक रुपया द्यायला नको. दूधवाल्यालाही नाही."

सगळ्यांनी वर बघितलं. मग पश्चिमेकडे बघितलं. कळसावरचं ऊन फिकं झालं होतं, पण सूर्य होता. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, लाल, जेमतेम हातभर वर.

"द्या लवकर," नाना म्हणाले.

अक्कांनी पिशवी काढली. महिनाभराच्या घामाने नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. एक ओढली तर तीन यायच्या. अक्का सोडवत होत्या, मी दुसऱ्या बाजूने धरत होते, पैजवाली बाई फुंकर घालत होती. नाना सूर्याकडे बघून सांगत होते, "अर्धा गेला. घाई करा." नोटा सुकायला म्हणून अक्कांनी त्या झुलायच्या मशीनच्या दांडीवर एकेक पसरल्या आणि मी त्या मागून गोळा करत गेले. शेवटची नोट माझ्या हातात आली तेव्हा टाकीमागे थोडीशी लाल कड दिसत होती. नाना म्हणाले, "वेळेत झालं."

ह्यांना आता बोलता येत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे अक्कांना म्हणाले, "अक्का, तुम्ही फार पळता." आणि खरंच हळू म्हणाले.

त्या रात्री पोटऱ्यांचे गोळे वर चढले आणि दोन दिवस मी भिंत धरून चालले. अक्कांचंही तेच झालं, असं त्यांच्या मालकांनी रिक्षा थांबवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऊन असतानाच गेलो. शेजारी शेजारी चाललो. शेजारून चालताना कळलं की त्यांची चाल माझ्यापेक्षा बरीच हळू आहे. बोलायला लागल्या की तर त्या थांबूनच जातात. नाना ओट्यावरून बघत होते. त्यांना वाईट वाटलं. "काय झालं दोघींना," म्हणाले, "चांगल्या चालत होतात."

आखाजीच्या दोन दिवस आधी, तिसरी फेरी चालू असताना, अक्का धुळ्याच्या बाजारातल्या मिरच्यांचं काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी माझा हात धरला आणि तळव्यात पाचशेची घडी ठेवली. नोट कोरडी होती. त्यांनी बोलणं थांबवलं नाही, मीही पाय थांबवले नाहीत. मिरच्यांचा भाव सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फिटले ना बठ्ठा?" सगळे फिटले ना.

"बठ्ठा," मी म्हणाले.